वजनापुरता माणूस

आमच्या तळ्यावर शिकायला येणारे कप्तान पहिल्या सकाळी हसतात. त्यांनी आयुष्यभर डोंगराएवढी जहाजं हाकलेली असतात, आणि इथं त्यांना लाकडी धक्क्याला बांधलेली, पंचवीस पट लहान केलेली जहाजं दाखवली जातात. आम्हाला बालवाडीत आणलंत की काय, असं कुणीतरी म्हणतंच. मग एकेकाला जहाजात उतरवतात. या जहाजांचं माप असं आहे की माणूस पोटात बसला की नुसतं डोकं वर राहतं, आणि त्याचे डोळे बरोबर त्या उंचीवर येतात जिथं खऱ्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीत, उभ्या माणसाचे असतात. तिथून पाहिलं की तळ्याचा समुद्र होतो. मग हसू फार वेळ टिकत नाही.

हसू जायचं कारण वेळ. इतकं लहान जहाज खऱ्यासारखं वागायला हवं असेल तर त्याचा वेळ पाच पट भरभर धावतो. खऱ्या बंदरात विचार करायला पाच मिनिटं मिळतात, इथं एक मिळतं. वाऱ्याचंही तसंच, झुळूक आली की आमच्याकडे वादळ. हे फळ्यावर समजावून सांगणं माझं काम. मी वर्गमूळ काढून दाखवतो, ते जांभया देतात. त्यांची चूक नाही. मी स्वतः खरं जहाज एकदाही चालवलेलं नाही. एका लांबट टाकीत मेणाची जहाजं ओढायची आणि पाणी त्यांना किती अडवतं ते मोजायचं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. ती टाकी बंद झाली तेव्हा इथं आलो. तोंडावर सगळे मला मास्तर म्हणतात आणि पाठीमागे कोरडे मास्तर. दुसरं नाव जास्त बरोबर आहे असं मला वाटतं.

फळ्याखेरीज माझं आणखी एक काम असतं, ते म्हणजे मागच्या सीटवर बसणं. शिकणारा पुढं, चाक आणि इंजिनाचा दांडा त्याच्या हातात. मी मागं, त्याच्या मानेकडे बघत. जहाज पाण्यात नेमकं किती बुडायला हवं हे ठरलेलं असतं, त्यासाठी तळाशी शिशाच्या लाद्या ठेवलेल्या असतात. मी बसणार असलो की माझ्या वजनाच्या लाद्या आधी बाहेर काढायच्या. शाळेचे प्रमुख स्वतः निवृत्त कप्तान आहेत, आम्ही त्यांना नुसतं कप्तान म्हणतो. ते म्हणायचे, मास्तर, तुमच्यात आणि शिशात फरक एवढाच, की शिसं शिंकत नाही.

त्या वर्षीच्या शेवटच्या तुकडीत माझा जावई आला.

तो बंदराचा पायलट. बाहेरून आलेलं जहाज बंदराच्या तोंडाशी थांबतं, पायलट छोट्या होडीतून जाऊन दोराच्या शिडीनं वर चढतो, आणि तिथून धक्क्यापर्यंत जहाज त्याच्या शब्दानं चालतं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात तो एक तेलवाहू जहाज धक्क्याला लावत होता. जहाज धक्क्यापासून ओढून धरणाऱ्या टगचा, म्हणजे छोट्या जोरदार बोटीचा, दोर तुटला आणि जहाज सरकलं. जहाजाचे दोर धक्क्यावर पोचवणाऱ्याची होडी तेव्हा नेमकी जहाज आणि धक्का यांच्या मध्ये होती. होडीत एकच माणूस होता.

चौकशी झाली. दोर जुना होता, जावयानं दिलेला प्रत्येक हुकूम बरोबर होता आणि वेळेत होता, असं ठरलं. कुणीही त्याला दोष दिला नाही. पण इतके महिने काम सुटल्यावर पुन्हा जहाजावर चढायचं तर आमच्याकडचा आठवड्याचा अभ्यास आणि कप्तानांची सही लागते, म्हणून बंदरानं त्याला पाठवलं. जाणार का विचारल्यावर तो ठीक आहे म्हणाला. तो तेव्हा सगळ्यालाच ठीक आहे म्हणत होता.

शाळेचं वसतिगृह आहे, पण बायकोनं तो विषयच काढू दिला नाही. सासरे गावात असताना जावई वसतिगृहात राहिला तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील, असं तिचं म्हणणं. तो आमच्या मागच्या खोलीत राहिला. पहिल्या संध्याकाळी तिच्याकडून भाजीत मीठ घालायचं राहिलं. मला घास गिळवेना. तो जेवला आणि छान झालंय म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम घातलं नाही. तो जेवला आणि छान झालंय म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिनं नीट स्वयंपाक केला आणि वाढताना माझ्याकडे बघणं टाळलं.

तो उद्धट नव्हता. स्वतःचं ताट उचलायचा, दार आवाज न करता लावायचा, विचारलेल्याला उत्तर द्यायचा. पण सगळं एकाच पट्टीत. चहात साखर हवी का, आणि झोप लागते का, या दोन्हींना त्याचा एकच आवाज होता. मीही कमी बोलणारा माणूस आहे. आम्ही दोघं समोरासमोर बसलो की घड्याळाला संकोच वाटावा अशी शांतता व्हायची.

तो यायच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं काही न बोलता ती म्हणाली, "बाबा, त्याला पास करू नका."

मी म्हटलं, सही माझी नसते.

"मागं तुम्हीच बसता ना?"

मग ती सावकाश सांगत राहिली. त्याला परत जायचंय, पण कामाची ओढ म्हणून नाही. ब्रिजवर त्याला दिशा आणि वेग सोडून कुणी काही विचारत नाही, म्हणून जायचंय. घरात तो पाहुण्यासारखा राहतो, फार सभ्य पाहुण्यासारखा. त्या दिवसाबद्दल तो तिच्याशी एक शब्द बोललेला नाही, आणि तिनं विचारलं की म्हणतो, अहवालात सगळं आहे. "तो असाच परत चढला ना, तर असाच राहील. आणि एखाद्या दिवशी शिडीवरून पाय निसटला तर तो काही धरणारसुद्धा नाही. मला माहीत आहे."

बायकोचं मत नेमकं उलटं. माणूस घरी बसला की कुढतो, कामाला जुंपला की ताळ्यावर येतो. तुम्ही एवढे शिकलेले, घरच्या माणसासाठी एक शब्द टाकवत नाही का तुम्हाला, असं ती मला रोज सकाळी डबा देताना विचारायची. मुलीच्या फोनचं मी तिला सांगितलं नाही. मुलीला बायकोचं सांगितलं नाही. दोघींच्या मध्ये गप्प बसणं मला जमतं, माझा निम्मा संसार त्याच्यावर चालला आहे.

कप्तानांकडे मात्र मी गेलो. म्हटलं, हा माझा जावई आहे, त्याच्या मागं मी बसणं योग्य नाही, दुसरं कुणीतरी बघा. ते पाइप साफ करत होते. म्हणाले, दुसरं कोण आहे? सही माझी, डोकं माझं, डोळे माझे. जावई आला म्हणून तुमचं वजन वाढलंय का? नाही ना? मग बसा.

मी बसलो.

त्या तुकडीत त्याच्याशिवाय झुबकेदार मिशांचे एक कप्तान होते आणि त्यांचे दोन सहकारी. मिशीवाल्यांनी पहिल्याच दिवशी जहाज किनाऱ्यावरच्या लव्हाळ्यात घुसवलं आणि तिथून निघताना तळ्याला, वाऱ्याला आणि माझ्या वर्गमुळाला एकत्र शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नांगर टाकायचा विसरून भोंगा वाजवला. जावयाचं यातलं काही झालं नाही. अरुंद वाट असो, उथळ पाणी असो, समोरून येणारं जहाज असो, तो हव्या त्या क्षणी हवं तेवढंच चाक फिरवायचा. लहान मापाचा वेळ अंगवळणी पडायला इतरांना तीन-चार दिवस लागतात, त्याला एक सकाळ पुरली. जणू त्याचा वेळ कधी मोठा नव्हताच. मिशीवाले त्याला म्हणाले, "अहो, एखादी चूक करा की, आमचीही अब्रू राहील." तो म्हणाला, "प्रयत्न करतो." ती थट्टा होती की नव्हती हे मिशीवाल्यांना कळेना, ते उगाच मोठ्यानं हसले.

कप्तान खूश होते. असा हात दहा वर्षांत पाहिला नाही, म्हणाले. मी त्याच्या मानेकडे बघत होतो. चांगला कप्तान जहाज वळवताना मान जराशी वळवतो, वाऱ्याचा अंदाज गालावर घेतो, नको तेव्हाही मागं बघतो. या मानेला काही हालचाल नव्हती. पण मान हलत नाही म्हणून कुणाला नापास कसं करणार? आणि मी कोण हे ठरवणारा? मी मोजमापं घेणारा माणूस. जे मोजता येत नाही त्याबद्दल बोलायची मला आयुष्यभर भीती वाटत आली आहे.

चौथ्या दिवशी कप्तान मला बाजूला घेऊन म्हणाले, आज टगचा दोर सोडायचा. हा आमचा नेहमीचाच धडा आहे. किनाऱ्यावरून कप्तान हातातल्या यंत्रानं छोटे टग चालवतात, आणि जहाज धक्क्याजवळ आलं की न सांगता एक टग सोडून देतात. पुढचा माणूस काय करतो ते बघायचं. पण त्याच्या बाबतीत तो नेहमीचा धडा नव्हता. मला ते म्हणायचं होतं. मी म्हटलं, वारा थोडा जास्त नाही का? कप्तान म्हणाले, त्या दिवशी पण होता.

सकाळचं तळं करडं होतं. जावयानं जहाज धक्क्यासमोर आणलं, समांतर केलं, वेग मारला. जहाज आडवं, अगदी हळूहळू धक्क्याकडे सरकू लागलं. बाहेरच्या बाजूला टगचा दोर ताठ होता. मग तो सैल पडला.

त्यानं एक क्षणही घालवला नाही. चाक, इंजिन, नांगर, सगळं एका मागोमाग एक, बरोबर त्याच क्रमानं जो मी चौकशीच्या अहवालात वाचला होता. तेच हुकूम, त्याच शांत आवाजात, स्वतःशीच. जहाजाचा जोर कमी होत गेला. धक्क्याला ते लागणार होतं, पण हलकेच. लाकडाला ओरखडाही आला नसता.

आमच्याकडे एक नियम आहे, जहाजाबाहेर हात काढायचा नाही. नवखे सगळे काढतात. समोर धक्का येताना दिसला की माणसाला वाटतं ही होडी आहे, हातानं ढकलता येईल. पण हे लहान जहाज भरलेल्या ट्रकएवढं जड असतं. म्हणून आम्ही ओरडतो, आणि नवखे हात झटकन आत घेतात.

त्यानं चाकावरचा उजवा हात उचलला आणि बाहेर काढला. ढकलायला नव्हे. ढकलणाऱ्याचा हात ताठ असतो, माणूस अर्धा उठतो. त्यानं हात खाली सोडला, टेबलावर ठेवावा तसा तळवा धक्क्याच्या लाकडाला लावला, आणि जहाजाची बाजू त्याच्या हाताच्या पाठीकडे येत राहिली. तो ते बघत होता. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याची मान वळलेली होती.

मी काय केलं ते मला क्रमानं आठवत नाही. मी पुढं झेपावलो, त्याच्या शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि मागं ओढली. "हात आत घे," असं काहीतरी मी ओरडलो. जावयाला मी कधी अरेतुरे केलेलं नव्हतं. जहाज कललं, धक्क्याला जोरात लागलं, माझं कपाळ त्याच्या खांद्यावर आपटलं. त्याचा हात वर आला होता. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलली होती, बाकी काही नाही.

"सॉरी, बाबा," तो म्हणाला. मग त्यानं इंजिन बंद केलं आणि पुढचा दोर बांधायला सांगितलं.

किनाऱ्यावर कप्तानांना फक्त जहाज कलताना दिसलं होतं. हात त्यांच्या पलीकडच्या बाजूला होता. ते माझ्यावर उखडले. मास्तर, नाचताय काय मागं? एवढं सुरेख आणलं होतं पोरानं, तुम्ही घालवलंत. वजनानं वजनासारखं राहावं. मिशीवाले हसले.

बाकीचे चहाला गेल्यावर आम्ही दोघं जहाजांच्या शेडमागच्या बाकावर बसलो. मी त्याला माझा रुमाल दिला. त्यानं तो हाताला गुंडाळला, घडी नीट करून. विचारायचं कसं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी जसं येईल तसं विचारलं.

"मुद्दाम घातलात?"

तो विचार करून म्हणाला, "मधे किती जागा राहते ते बघायचं होतं."

मी त्याच्या रुमाल गुंडाळलेल्या हाताकडे बघितलं.

"वरून दिसत नाही, बाबा. ब्रिजवरून ती फट दिसतच नाही. जहाजाची कड आड येते. मला फक्त रेडिओवर ऐकू आलं. इथं दिसतं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "दुखेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही."

मी त्याला विचारलं की, परत जायचंय का. तो हो म्हणाला. का, असं विचारल्यावर म्हणाला की, तिथं पुढं काय करायचं ते त्याला नेहमी माहीत असतं. मग चहा निवेल म्हणून आम्ही उठलो.

दुपारभर मी फळ्यावर पाण्याबद्दल बोललो. जहाज लहान करता येतं, वारा, वेळ सगळं लहान करता येतं, पण पाणी लहान करता येत नाही. थेंब थेंबाएवढाच राहतो, म्हणून आमच्या चाचण्यांत नेहमी थोडी चूक उरते आणि ती नंतर हिशेबानं काढावी लागते. दरवर्षी मी हेच सांगतो. त्या दिवशी मला माझाच आवाज दुसऱ्या खोलीतून येतो आहे असं वाटत होतं.

डोक्यात एकच घोळत होतं. कप्तानांना सांगितलं तर तो नापास होणार. नाही सांगितलं तर तो परवा घरी जाणार आणि पुढच्या आठवड्यात शिडी चढणार. सांगायला हवं हे उघड होतं. पण सांगणारा मी होतो, आणि मुलीचा फोन आला नसता तर मी सांगितलं असतं का, हे मला ठरवता येईना. मी स्वतःला मोजायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

संध्याकाळी कप्तान त्यांच्या खोलीत कोट घालत होते. मी दारातच उभं राहून सांगितलं की, सकाळी जहाज मी उगाच हलवलं नाही, त्यानं हात बाहेर काढला होता.

ते म्हणाले, हात सगळेच काढतात. मिशीवाल्यांनी तर पाय काढला होता.

मी म्हटलं, चौथ्या दिवशी नाही काढत. आणि तो ढकलत नव्हता.

त्यांनी कोटाची बटणं लावायचं थांबवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, खरं सांगा. हे तुम्ही बोलताय की तुमची मुलगी?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

मला वाटलं ते चिडतील. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, उद्या मागं मी बसतो, तुम्ही टग सांभाळा.

दुसऱ्या सकाळी ते बसले, तेव्हा शिशाच्या लाद्या पुन्हा मोजाव्या लागल्या, कारण कप्तान म्हणजे दोन मास्तर. मिशीवाल्यांनी यावर एक विनोद केला, कोणी हसलं नाही. मी धक्क्याच्या टोकाशी टगचं यंत्र हातात घेऊन उभा राहिलो. ते यंत्र मी शिकवलंय पुष्कळ, चालवलंय थोडं.

तो आला. तेच अंतर, तेच समांतर. कप्तानांनी मागून हात वर केला, ती खूण होती. मी दोर सोडला.

त्यानं सगळं पुन्हा केलं, बरोबर केलं. दोन्ही हात आत होते. जहाज धक्क्यापासून वीतभर अंतरावर थांबलं आणि मग इतकं हळू टेकलं की मला फक्त पाण्याचा एक बारीक आवाज ऐकू आला. यापेक्षा चांगलं कुणी लावू शकत नाही. मी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं, झाला पास. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं, कारण आता माझं काही उरलं नव्हतं.

पण कप्तान उतरले नाहीत. ते मागं बसून राहिले आणि त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल हात का घातलात?"

दुसरा कुणीही म्हणाला असता, सवय हो, नकळत गेला. मिशीवाले तर शपथेवर म्हणाले असते. कप्तानांनी ते मानलं असतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते त्यासाठी वाट बघत होते.

"जागा बघायला," जावई म्हणाला. समोर बघत, त्याच पट्टीत. "माणूस मावेल एवढी राहते का ते."

"आणि?"

"नाही राहत. या मापात तो बोटाएवढा असेल. बोटाएवढीसुद्धा नाही राहत."

कप्तानांनी पाइप खिशातून काढला आणि परत ठेवला. मग ते दोन्ही हात टेकून कष्टानं उठले, धक्क्यावर आले आणि माझ्याजवळून जाताना हळू म्हणाले, तुम्ही मला अर्धंच सांगितलंत, मास्तर. मी म्हटलं, हात का घातला ते तुम्ही विचारलं नाहीत. ते म्हणाले, हो, ते पण आहे.

सही झाली नाही. त्यांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि बाहेर आल्यावर तो ठीक आहे म्हणाला. पुढं कधीतरी बघू, आधी डॉक्टरांकडे जायचं, कुणाशी तरी बोलायचं, असं त्याला सांगितलं होतं. मिशीवाले मात्र पास झाले. ते जावयाचा हात हातात घेऊन काहीतरी बोलायला लागले आणि मधेच थांबले, आणि नुसताच हात हलवत राहिले.

घरी जाताना मी त्याला सांगितलं की, कप्तानांना मी सांगितलं होतं. तो म्हणाला, माहीत आहे, दुसरं कुणी नव्हतंच. मग चार पावलं गेल्यावर त्यानं विचारलं, "तिनं सांगितलं होतं का, नापास करा म्हणून?"

मी हो म्हटलं.

त्यानं मान डोलावली. रस्ता चढाचा आहे, मला दम लागतो. तो माझ्यासाठी थांबत थांबत चालला.

बायकोला मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. तिनं हातातला डाव ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या माहेरी चोरी केली आहे. स्वतःच्या जावयाला, म्हणाली. अख्खं गाव तुमच्या शाळेतून पास होऊन जातं, आणि स्वतःच्या जावयाला. पोरीला काय तोंड दाखवणार? मी म्हटलं, तिलाच ते हवं होतं. हे ऐकून तिनं डाव पुन्हा हातात घेतला. मी तिला कितीतरी गोष्टी सांगितल्या नव्हत्या हे तिला एकदमच कळलं, आणि त्याचा हिशेब पुढं व्हायचा आहे हे मलाही कळलं.

मुलीला फोन मी करणार होतो. वाक्यं जुळवत बसलो होतो. एवढ्यात बाहेरच्या खोलीत त्यानंच फोन लावल्याचं ऐकू आलं.

"नापास झालो," तो म्हणाला.

पलीकडून ती काय म्हणाली ते कळलं नाही. मला वाटलं तो ठीक आहे म्हणेल आणि ठेवेल.

"हात घातला होता," तो म्हणाला. "सांगतो."

आणि तो सांगू लागला. आमच्या तळ्यापासून सुरुवात केली, मग मागं गेला. त्या दिवशी वारा कुठून होता. टगवाला काय म्हणाला. होडी निळी होती आणि तिच्या नाकाला जुना टायर बांधलेला होता. होडीतल्या माणसानं वर बघून हात केला होता, जहाज यायच्या आधी, नेहमी करतो तसा, आणि यानंही केला होता. मग रेडिओवर काय ऐकू आलं, कोणत्या शब्दांत, आणि त्यानंतर जहाज बांधून होईपर्यंत यानं आणखी कोणकोणते हुकूम दिले. ते सगळे त्यानं एकेक करून सांगितले. हे अहवालात नव्हतं. मी अहवाल वाचला आहे.

आवाज तोच होता. चहात साखर हवी का म्हटल्यावरचा. कुठं थांबला नाही, चढला नाही. हे चांगलं की वाईट ते मला समजलं नाही, आजही नीट सांगता येत नाही. बायकोनं गॅस बंद केला, मग नळ बंद केला. आम्ही दोघं ओट्याशी उभे राहिलो. बाहेर अजून उजेड होता.

पुष्कळ वेळानं ती माझ्याजवळ सरकली आणि कुजबुजली, "रडतोय का?"

मी नाही म्हटलं.

"मग?"

"बोलतोय."